कडक उन्हात घटणारी वीज

नोकरीतले कोणते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही, असे कुणी विचारले की मी गच्चीवरच्या विजेचे प्रकरण सांगतो, आणि विचारणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला खून हवा असतो. खून मीही बरेच पाहिले. पण बहुतेक खुनांत कोणी केला हे तासाभरात गल्लीला ठाऊक झालेले असते, पोलिसांना फक्त ते कागदावर आणायचे असते. या प्रकरणात तीन आठवडे आम्हाला काही कळत नव्हते, आणि ज्यांना कळत होते त्यांना आम्ही विचारलेच नव्हते.

निवृत्तीला दीड वर्ष राहिले होते. पुण्यात, पेठांच्या हद्दीतल्या एका पोलीस ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो. मी मूळचा वर्ध्याकडचा. आमच्याकडे माणूस भांडायला लागला की आवाज चढतो. पेठेतला माणूस भांडताना ‘आपण’ म्हणतो आणि त्या ‘आपण’मधूनच समोरच्याची अक्कल काढतो. मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात असेच एक गृहस्थ ठाण्यात आले. वय सहासष्ट, चिंचवडच्या कारखान्यातून इंजिनिअर म्हणून निवृत्त, हातात प्लॅस्टिकची फाइल, फाइलला अनुक्रमणिका. ठाणे अंमलदाराने अर्ज आवक नोंदवहीत चढवला आणि त्यांना माझ्याकडे पाठवले.

अर्ज असा होता. शनिवार पेठेतली अठ्ठावीस बिऱ्हाडांची इमारत. सगळ्यांनी वर्गणी काढून दहा लाखांची सौर यंत्रणा गच्चीवर बसवली, पाडव्याला ती सुरू झाली. सोसायटीच्या सचिवांनी सभेत सांगितले होते की ही वीज सव्वादोन रुपये युनिट पडेल. अर्जदारांनी पाडव्यापासून दर रविवारी नाश्त्यानंतर खाली मीटरच्या खोलीत जाऊन आकडा लिहून घेतला, आणि त्यांच्या हिशेबाने ती पावणेचार रुपये पडत होती. म्हणजे सचिव आणि ठेकेदार यांनी संगनमताने हलका माल गळ्यात मारला, तरी फसवणुकीचा गुन्हा दाखल करावा, ही विनंती.

माझ्या टेबलाशी आमच्या महिला हवालदार उभ्या होत्या. त्या हिंजवडीच्या पलीकडच्या गावातल्या. त्यांच्या शिवारात कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या तरी त्यांची बोली तसूभर हलली नव्हती. त्यांनी सरळ विचारले, “काका, ऊन फुकट हाय, मग त्याच्या विजेला भाव कसला लावताय?”

अर्जदारांनी चष्म्यावरून पाहिले. “बाई, विहिरीतलं पाणीही फुकटच असतं. मोटार आपण विकत घेतो.”

मला ते उत्तर आवडले, पण ऊन आणि रुपये यांची सांगड डोक्यात बसेना. सोसायट्यांचे वाद आम्ही सहसा ‘दिवाणी स्वरूपाचे’ असा शेरा मारून परत पाठवतो. हा ठेवून घेतला, आणि खरे कारण कायद्याचे नव्हते. वीज युनिटला किती पडते हे कसे काढतात, ते मला जाणून घ्यायचे होते. माझ्या घरावरही यंत्रणा बसवावी की नाही यावरून सौभाग्यवतींशी माझे वर्षभर चालले होते.

चौकशी सुरू केली आणि तीन दिवसांत त्या भागात गस्त घालणाऱ्या बीट अंमलदाराने खबर आणली. यंत्रणा बसल्यावर आठवड्याच्या आत सचिवांनी गच्चीच्या कुलपाची दुसरी किल्ली बनवून घेतली होती. गल्लीच्या तोंडाशी किल्लीवाला बसतो, त्याच्याकडे ते गेले नाहीत. बुधवार पेठेत जाऊन बनवून आणली. ज्याने दिली तो किल्लीवाला आमचाच जुना खबऱ्या होता, म्हणून कळले. आपल्या दारचा किल्लीवाला सोडून माणूस लांब जातो, तेव्हा त्याला कुणी पाहायला नको असते. इतके तर शिकाऊ शिपायालाही कळते.

मी सचिवांना ठाण्यात बोलावले.

ते गणिताचे शिक्षक. पेठेतल्याच एका शाळेत चौतीस वर्षे शिकवलेले, वय एकाहत्तर. पांढरा शर्ट, खिशाला पेन, काखेत दोनशे पानी वही, पिशवीत घरच्या पाण्याची बाटली. मी तेव्हा बंदोबस्ताच्या बैठकीत अडकलो होतो, त्यामुळे ते बाहेरच्या बाकावर तीन तास बसून राहिले. एका बाजूला पाकीटमार, दुसऱ्या बाजूला गाडी उचलून नेली म्हणून तणतणणारा एक जण. आमच्या ठाण्यातले दोन शिपाई त्यांचे विद्यार्थी निघाले. दोघांनीही त्या दिवशी मागच्या दाराने ये-जा केली. हे मला नंतर समजले, आणि समजले तेव्हा वाईट वाटले.

आत आल्यावर मी विचारले, “सर, सव्वादोन रुपये कुठून आणले तुम्ही?”

त्यांनी वही उघडली. एकदम फळ्यासमोर उभे राहिल्यासारखा त्यांचा आवाज बदलला. “साहेब, आपल्या पत्नीकडे लग्नातला शालू असेल.”

“आहे.”

“किती वेळा नेसल्या?”

“तीनदा. चारदा असेल.”

“मग त्या शालूची किंमत भागिले चार. एकदा नेसण्याचा खर्च हजारांत गेला. आणि घरात नेसायची साधी साडी दोनशे वेळा नेसली जाते, तिचं एकदा नेसणं दोन-तीन रुपयांत बसतं. सौर वीज तशीच. नेहमीच्या विजेचं बिल महिन्याच्या महिन्याला येतं. इथे सगळे पैसे आधी देऊन टाकायचे, आणि मग ती यंत्रणा किती वापरली जाते त्यावर भाव ठरतो.”

मग त्यांनी आकडे मांडले. दहा लाख आजचे. पंचवीस वर्षांत पॅनेल धुणे, विमा, आणि पॅनेलची वीज घरच्या विजेत बदलणारे यंत्र, म्हणजे इन्व्हर्टर, दोनदा बदलणे, यांचे साडेचार लाख. एकूण साडेचौदा लाख. पॅनेल म्हातारी होतात, दरवर्षी थोडी कमी वीज देतात, ते वजा करून पंचवीस वर्षांत साडेसहा लाख युनिट. भागाकार केला की सव्वादोनला दोन पैसे कमी. मी कागद ओढून स्वतः भागून पाहिले. बरोबर होते.

“म्हणजे खरा भाव पंचवीस वर्षांनीच कळणार?”

“शेवटच्या दिवशी. तोपर्यंत सगळे अंदाज. अर्जदारांनी मला तेवढाही अवधी दिला नाही.”

माणूस मोठ्या सफाईने बोलत होता. मी असे ठेकेदार, दलाल खूप पाहिले आहेत, ज्यांचा भागाकार बिनचूक असतो आणि हात काळे असतात. मी वही मिटली आणि विचारले, “गच्चीची किल्ली कुणाकडे असते?”

“माझ्याकडे.”

“आणखी कुणाकडे?”

आत्तापर्यंत पंचवीस वर्षांपुढचे आकडे तोंडपाठ सांगणारा माणूस एका किल्लीपाशी अडला. त्यांनी बाटलीचे झाकण उघडले, पाणी न पिता लावले. “माझ्याकडेच असते.”

“सर, तुम्ही काहीतरी लपवताय.”

मी आवाज चढवला, तरी ते बधले नाहीत. वही चौकशीसाठी ठेवून घेतो म्हटल्यावर फक्त पोच मागितली. उठताना म्हणाले, “गुन्हा दाखल झाला तर माझ्याबद्दल काय छापून येईल, त्याची मला फार चिंता नाही. पण मी वाण्याच्या दुकानात शिरलो की हल्ली बोलणं थांबतं. त्या दुकानातल्या निम्म्या लोकांना मी पाढे शिकवलेत. त्याचं काय करायचं, तेवढं सांगा.”

मी पोच लिहून त्यांच्या हातात दिली. आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी माझी खात्री झाली होती की या माणसाने काहीतरी केले आहे.

पुढच्या रविवारी दोन पंच, अर्जदार आणि ठेकेदार यांना घेऊन गच्चीवर गेलो. उंच लोखंडी सांगाड्याला जास्त पैसे पडतात, म्हणून पॅनेल बुटक्या सांगाड्यावर बसवली होती. वीस-वीसच्या दोन ओळी, पुढची कड गुडघ्याएवढी, मागची बाजू उचललेली. गच्चीवर दुसऱ्या कशाला जागाच उरली नव्हती. चाळीस पॅनेलचे क्रमांक बिलाशी ताडून पाहिले. एकूण एक जुळले. काचा स्वच्छ. आसपास झाड नाही, उंच इमारत नाही. माल हलका असल्याचा आरोप तिथेच गळून पडला. पंचनाम्यानंतर अर्जदारांनी आग्रहाने घरी नेले. त्यांच्या पत्नीने चहा आणि तळलेल्या कुरडया पुढे ठेवल्या. पांढऱ्याशुभ्र, तोंडात टाकली की विरघळणाऱ्या. मी चार खाल्ल्या. पोलीस अधिकारी असूनही मी त्या दिवशी पुरावा चहाबरोबर फस्त केला, हे मला दहा दिवसांनी समजले.

ठेकेदार तिशीतला. हिंजवडीतली नोकरी सोडून या धंद्यात आलेला, आणि गुन्ह्याच्या नुसत्या शब्दाने अर्धमेला झालेला. सोमवारी तो लॅपटॉप घेऊन ठाण्यात आला. “सर, इन्व्हर्टर दर पंधरा मिनिटांनी डेटा पाठवतो. मी सगळा डाउनलोड केलाय. सिस्टिम ओके आहे सर, पण आउटपुट ड्रॉप होतोय आणि रिझन सापडत नाहीये.”

अर्जदारांकडे फक्त आठवड्याचे आकडे होते. याच्याकडे रोजचे, तासातासाचे होते. रविवारी नव्वद युनिट. सोमवारी एकावन्न. मंगळवारी बावन्न. शनिवारपर्यंत तसेच, आणि पुन्हा रविवारी नव्वद. मी खुर्चीत सरळ झालो. सूर्याला काही रविवार ठाऊक नसतो. ज्या गोष्टीला आठवड्याचे वार कळतात, तिच्यामागे माणूस असतो.

माझा तर्क लगेच तयार झाला. खाली एक झेरॉक्सचे दुकान होते, रविवारी बंद असणारे. त्याने सरांच्या संमतीने तार ओढली असणार; म्हणूनच ती दुसरी किल्ली. मी दोन माणसे आणि एक वायरमन पाठवून दुकानाची सगळी जोडणी तपासली. काही निघाले नाही. दुकानदाराने मात्र जबाबाच्या शेवटी स्वतःच्या हाताने लिहिले, ‘तपासात उसकटलेली वायरिंगची पट्टी परत बसवून दिल्यास आभारी राहीन.’ दिली बसवून.

तर्क पडला तरी मी लॅपटॉप सोडेना. आकडे पुन्हा पाहताना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. एप्रिलमध्ये तीन दिवस सकाळपासून ढगाळ होते. त्या दिवशी वीज साठ-पासष्ट युनिट. आणि कडकडीत उन्हाच्या दिवशी पन्नासच्या आसपास. एका दिवशी तर सकाळी लख्ख ऊन होते, तरी आलेखाची रेघ खालीच सरपटत होती. दुपारी एकच्या सुमाराला आभाळ भरून आले आणि रेघ एकदम वर गेली. थोड्या वेळाने पाऊस आला तेव्हा पडली.

“ढग आल्यावर वीज वाढली?” मी विचारले.

ठेकेदाराने कपाळाला हात लावला. “सर, हे लॉजिकली पॉसिबलच नाही.”

कोपऱ्यात हवालदार बाई समन्सांची नोंद करत बसल्या होत्या. त्यांनी मान वर न करता म्हटले, “साहेब, ऊन असलं की कमी, आन् ढग आलं की जास्त, आसंच ना?”

“असंच.”

“मग चैत्र-वैशाखात ढग आलं की बाया गच्चीवर कशापायी पळतात?”

मी लॅपटॉपवरून मान वर केली. त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, “वाळवण उचलाया. आमच्याकडं बी हेच चालतं. थेंब पडायच्या आत समदं घरात आणायचं आसतं. आन् साहेब, एक बोलू का? तुम्ही अकरा जबाब घेतले. अकराच्या अकरा बाप्ये हायेत.”

मी फाइल चाळली. सभासद, कमिटीवाले, दुकानदार, वायरमन, किल्लीवाला. त्या इमारतीत दिवसभर घरी कोण असते आणि भर उन्हात गच्चीवर कोण जाते, याचा विचारच मी केला नव्हता. इतकी लाज मला कोर्टात उलटतपासणीतही वाटली नसेल.

बुधवारी सकाळी अकरा वाजता मी साध्या कपड्यांत, हवालदार बाई आणि पंचांना घेऊन, कुणालाही न कळवता गच्चीवर गेलो. दार उघडेच होते. पुढच्या ओळीच्या खालच्या कडेने या टोकापासून त्या टोकापर्यंत धुतलेली जुनी नऊवारी लुगडी अंथरली होती, एकाला एक लावून, चिमट्यांनी सांगाड्याला पक्की केलेली. रुंदी एक हात, जितका हात पोहोचेल तितकी. आणि त्यावर ओळीने कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, सांडगे. टोकाला पदर डोक्यावर घेतलेली, पंचावन्नच्या घरातली एक बाई सांडगे उलटत होती.

त्या त्याच इमारतीच्या तळमजल्यावर राहत. नवरा जाऊन सहा वर्षे झाली होती. उन्हाळ्याचे दोन महिने त्या पेठेतल्या घरांची वाळवणे करून देत, आणि त्यावर त्यांचे पुढचे सहा महिने निघत. मी ओळख सांगितल्यावर त्यांच्या हातातला सांडगा खाली पडला. पहिले वाक्य त्या बोलल्या ते असे: “सरांना काही करू नका हो. किल्ली मी मागितली. खाली फरशीवर सगळी सावलीच असते, वाळायचं कुठं? सर म्हणाले, एक हातभर जागा घ्या, पण रविवारी नको, कमिटी वर येते.”

मी ठेकेदाराला फोन करून बोलावले. तो आला, ओळ पाहिली आणि एका लुगड्याची कड उचलून खालची काच पाहिली. मग इन्व्हर्टरसमोर उभा राहून आकडे वाचू लागला. पंचांसमक्ष हवालदार बाई आणि त्या काकूंनी लुगडी एकेक करून उचलली. शेवटचे लुगडे निघाले तेव्हा आकडा जवळजवळ दुप्पट झाला होता. मी पंचनाम्यात वस्तूंचे वर्णन लिहिले: ‘अर्धवट वाळलेल्या कुरडया अंदाजे सात किलो, जागेवरच मालकिणीच्या ताब्यात दिल्या.’ सात किलो कुरडया असलेला माझ्या नोकरीतला तो एकमेव पंचनामा.

“पण झाकलाय तो फक्त खालचा हातभर भाग,” मी ठेकेदाराला म्हटले. “पॅनेलचा पाव भाग. तोही एकाच ओळीचा. मग निम्मी वीज कशी जाते?”

“सर, बागेत पाणी घालायची नळी असते ना, तिच्यावर एका जागी पाय दिला की पुढं पाणीच येत नाही. पॅनेलच्या आतल्या पट्ट्या खालून वर एकाच लाइनमध्ये जोडलेल्या असतात. खालची पट्टी झाकली की वरच्या उन्हात असून काही उपयोग नाही. पुढची पूर्ण रो डेड होते.”

दुपारी मी सरांना बोलावले. या वेळी बाकावर बसवले नाही, थेट केबिनमध्ये घेतले. पंचनामा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो वाचला आणि काकूंच्या जबाबावर बोट ठेवले.

“साहेब, तुम्ही म्हणालात ते खरं होतं. मी लपवत होतो. सोलरचा ठराव झाला आणि त्यांची जागा गेली, हे सभेत कुणाच्या लक्षातच आलं नाही. माझ्याही नाही. त्या घरी आल्या तेव्हा मी हिशेब केला. पाव भाग, निम्म्या ओळी, म्हणजे एक अष्टमांश. तेही दोन महिने. पंचवीस वर्षांवर पसरलं तर युनिटमागे सहा पैसे वाढतात. मला वाटलं, सहा पैशांत एका घराचं पोट भागत असेल तर सोसायटी नाही म्हणणार नाही. पण विचारलं नाही. विचारलं असतं तर चार जण उभे राहिले असते, नियम काढले असते. म्हणून ठराव न घेता किल्ली दिली.”

“आणि वीज निम्मी झाल्यावर?”

“मला वाटलं ठेकेदारानेच फसवलं. सहा पैशांनी इतका फरक पडणारच नाही, ही माझी खात्री. वाळवणाचा संशय एकदाही आला नाही.” त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. स्वतःवर गुन्हा दाखल होण्याची गोष्ट निघाली तेव्हा न आलेले पाणी. “चौतीस वर्षं त्रैराशिक शिकवलं हो. पाव झाकलं तर पाव जाईल. इथं प्रमाण नव्हतंच, आणि मी डोळे मिटून प्रमाण धरलं.”

संध्याकाळी अर्जदार आले. त्यांनी पंचनामा इंजिनिअरसारखा वाचला, आकड्यांपाशी दोनदा मागे गेले. त्यांचीही चूक त्यांना दिसली: वाळवणाचे सहा-सात आठवडे धरून त्यांनी पंचवीस वर्षांचा भाव काढला होता. ते मान्य करायला त्यांना अर्धा मिनिट लागला. शेवटच्या पानावर काकूंकडे कुणाकुणाचे वाळवण होते त्याची यादी होती. तिथे त्यांचे बोट थबकले.

“आमच्याही कुरडया होत्या?”

“पाच किलो,” हवालदार बाई म्हणाल्या.

“मला घरी कुणी बोललं नाही.”

“तुम्ही इचारलं नसंल.”

त्यांनी अर्ज मागे घेतला. ‘गैरसमजातून’ असे मोघम लिहायला निघाले होते. मी म्हटले, नाही, हिशेब कुठे चुकला ते लिहा. त्यांनी लिहिले, आणि अक्षर शेवटपर्यंत नीट ठेवले. मी वरिष्ठांना अहवाल पाठवला, दखलपात्र गुन्हा निष्पन्न होत नाही, अर्ज दप्तरी दाखल करावा. कागद फाइलमध्ये गेला, फाइल कपाटात. नियमाने प्रकरण संपले.

सरांची वही मात्र माझ्याकडे राहिली होती. रीत अशी की माणसाला निरोप पाठवायचा, तो येऊन सही करून आपली वस्तू घेऊन जातो. शिपायाने निरोप लिहिलाही. मी तो कागद हातात घेतला आणि मला ते बाक आठवले. या माणसाला आम्ही सगळ्या पेठेसमोर बोलावले, तीन तास दरवाजात बसवले. तो निर्दोष आहे हे मात्र आम्ही एका कपाटाला सांगितले होते. त्याच बाकावर पुन्हा येऊन त्याने आपली वही मागायची? मला स्वतःचा राग आला.

पुढच्या रविवारी सकाळी दहा वाजता, इमारतीत सगळे घरी असतात आणि वाण्याच्या दुकानात गर्दी असते त्या वेळी, मी पूर्ण गणवेशात निघालो. जीप गल्लीच्या तोंडाशी सोडली आणि चालत गेलो. वाण्याच्या दुकानातले बोलणे थांबले. मी तिथे उभा राहून मुद्दाम मोठ्याने विचारले, “सर घरी आहेत का? त्यांच्याकडून एक गणित समजून घ्यायचंय.” कुणीतरी म्हणाले, आहेत, आहेत. दोन जण दार दाखवायला पुढे झाले.

जिन्याखाली सूचनाफलक होता. त्यावर नवा कागद होता, सरांच्या अक्षरातला. गच्चीच्या पश्चिम कठड्यावर वाळवणासाठी बांबूचा उंच मांडव घालण्याचा ठराव. त्याच्या खाली भागाकार, आणि शेवटची ओळ: ‘सौर विजेचा अंदाजे दर: युनिटला दोन रुपये सव्वीस पैसे, वाळवणाच्या मांडवासह.’ खाली दोन सह्या. एक सरांची. दुसरी अर्जदारांची, आणि तिच्यापुढे कंसात ‘तपासले’.

सरांनी दार उघडले. मागे जिन्यावर निम्मी इमारत उभी होती. मी टाचा जुळवून सलाम केला आणि वही दोन्ही हातांनी पुढे केली. त्यांनी ती घेतली, लगेच उघडली, आणि मी भागाकार करून पाहिला होता तो कागद आत तसाच आहे हे पाहून माझ्याकडे बघितले.

“साहेब, हातचा धरायचा विसरलात तुम्ही. उत्तर बरोबर आलं ते नशिबाने.” मग त्यांनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारले, “आत या. चहा घेणार ना? कुरडया आहेत.”

छोटी गोष्ट लपवणारा आणि मोठी लपवणारा, दोघेही पाण्याच्या बाटलीचे झाकण सारखेच उघडतात. त्यावरून मी सरांना जवळपास गुन्हेगार ठरवले होते. त्यानंतर उरलेल्या दीड वर्षात मी दोन गोष्टी पाळल्या. जबाब घेताना घरात दिवसा कोण असते ते आधी विचारले. आणि ज्याला चारचौघांसमोर बोलावले आणि काही निघाले नाही, त्याची वस्तू चारचौघांसमोर, त्याच्या दारात नेऊन दिली. कधी कधी माणसे घाबरली, पोलीस कशाला आले म्हणून. पण शेजाऱ्यांनी सलाम पाहिला.

त्या दिवशी मी आत गेलो. चहा घेतला, आणि कुरडया मोजून चारच खाल्ल्या.